मुक्या खेळातली हाक

९ फेब्रुवारी १९३६, पुसेगाव

ही वही हैदराबादेत इतिहासाच्या टिपणांसाठी घेतली होती. लिहिलेली अकरा पानं काल फाडून चुलीत घातली. उरलेल्या पानांवर आता माझंच लिहीन, कारण घरात माझ्याशी धड कोणी बोलत नाही.

कॉलेज सोडून तीन महिने झाले. वर्गात माझ्या उर्दूला पोरं हसली, मास्तरही हसले, आणि मी दौत भिरकावली. ती भिंतीला लागली, मास्तरांना नाही. तरी माफी माग म्हणाले, तेव्हा मी ट्रंक उचलली आणि स्टेशन गाठलं. बाबा एवढंच म्हणाले, "दौत फेकाया हैदराबादेला काहून गेलतास? भिंती इथं बी हायेत." त्यानंतर "जेव" आणि "सरक" याच्या पलीकडं शब्द नाही. व्यंकटरावांचा पोरगा बारा बुकं शिकून परत आला, हे गावात त्यांना ऐकावं लागतं.

खरं कारण त्यांना ठाऊक नाही. माफी मागितली असती तर आणखी दोन वर्षं तिकडंच काढावी लागली असती, आणि इथं समोरच्या घरात मंजुळा आहे. चतुराबाईंची लेक. सोळा सरलं तिला. सकाळी दोन घागरी घेऊन बारवेवर जाते. परत येताना वरची घागर तसूभर हलत नाही. मी ओसरीवर तोंड धूत बसतो. कधी कधी दोनदा धुतो. ती मला दादा म्हणते. ते गावचं वळण आहे, त्याला काही अर्थ नसतो.

१४ फेब्रुवारी

बाजाराच्या माळावर खेळाचा तंबू आला. मालक धर्मसिंग, तांड्यावरचा माणूस. म्हणतो, "आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ घालून गावोगाव फिरायचे, मी मोटारीत खेळ घालून फिरतो. बैल बरा होता बाबू, टायर फुटत नव्हता त्याचा."

शहरात आता बोलपट आलेत. मी पाहिलेत. याच्याकडचा खेळ मात्र जुना, मुका. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवतात आणि पडद्याशेजारी एकजण उभा राहून गोष्ट सांगतो. त्याचा तो सांगणारा हिंगोलीत तापानं पडला. धर्मसिंगनं मला माळावर कुणाशी तरी भांडताना ऐकलं आणि मागं लागला. "तुमचा आवाज चांगला हाय. चिडलेला हाय. असाच पायजे."

मी हो म्हणालो. बाबा म्हणाले, "आता तमाशात नाचायचं तेवढं राह्यलं."

माय म्हणाली, "नाचंना का. बोलून तर राहिला कुणाशी."

१७ फेब्रुवारी

दोन खेळ झाले. घसा बसलाय, पण असं सुख हैदराबादेत एक दिवस मिळालं नाही.

गोष्ट साधी आहे. एका सरदाराची नवी नवरी. जाऊ तिला विहिरीत ढकलते. मग ती मेलेली नवरी पाण्यात दिसू लागते आणि पाण्याला आलेल्या बायांना आत ओढते. रीळ मधेमधे तुटलेलं आहे, त्यामुळं कोण कुणाचं कोण हे धर्मसिंगलाही सांगता येत नाही. "तुमच्या मनानं जोडा," म्हणतो. नवरीचं काम पुरुषानं केलंय. मनगट पाहिलं की कळतं, पण मनगट कोण पाहतो? पाण्यातून तोंड वर येतं तेव्हा सगळा तंबू मागं सरकतो.

काल पहिल्या खेळाला लोक जांभया देऊन राहिले होते. सरदार कुठला, विहीर कुठली, त्यांना काय त्याचं. तेव्हा मला सुचलं. मी म्हणालो, "मंडळी, ही विहीर लांबची न्हाई. आपल्या देवळामागची बारव हीच. मोजा पायऱ्या!" आणि पडद्यावर खरंच पायऱ्या होत्या. एकदम शांतता झाली. मग त्या नवरीला आमच्या बोलीत बोलायला लावलं, "ये गं बाई, घागर बुडव, हात दे." एक म्हातारा पागोटं सोडून पळाला. धर्मसिंगनं मला मिठी मारली.

२० फेब्रुवारी

आज दिवेलागणीला फक्त बायांचा खेळ होता. बायांसमोर पुरुषानं उभं राहायचं नाही, म्हणून मी पडद्याच्या मागं. चित्र उजळ दिसावं म्हणून धर्मसिंग पडदा पाणी मारून ओला ठेवतो. अंगावर थेंब पडत होते आणि कापडापलीकडं दीडशे बांगड्या वाजत होत्या. मला कोणी दिसत नव्हतं, मी कुणाला दिसत नव्हतो. पण चतुराबाई आणि मंजुळा आल्यात हे मी त्या तंबूत शिरताना पाहून ठेवलं होतं.

आता जे केलं ते लिहितो. नवरी पाण्यातून वर आली, हात पुढं केला, आणि माझ्या तोंडून निघालं, "मंजुळे!" ठरवलं होतं का? थोडं ठरवलं होतं. इतके दिवस ते नाव मनात घोळवत होतो. उघड्यावर घेतलं असतं तर गावानं टाळकं फोडलं असतं. इथं नाव त्या नवरीच्या तोंडी होतं, आणि त्यातलं खरं फक्त तिला कळणार होतं.

आणि तिनं उत्तर दिलं! दीडशे बायांमधून एक बारीक आवाज आला, "ओ!"

बाया हसल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं ए खुळे, तिला काय ओ देतीस?" मग हसणं एकदम थांबलं. काहून थांबलं कोण जाणे. मी पुढचं सगळं सांगितलं, कसं सांगितलं आठवत नाही.

खेळ संपल्यावर धर्मसिंग म्हणाला, "बाबू, विहिरीचं नाव घ्या, गावाचं घ्या. माणसाचं घेऊ नका."

मी म्हणालो, "खेळ चालला का न्हाई? मग झालं तर."

२१ फेब्रुवारी

ती "ओ" म्हणाली. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१ मार्च

तंबू सेनगावकडं गेला. मंजुळा नऊ दिवसांत बारवेवर आली नाही. चतुराबाईच पाणी आणतात, तीनदा खाली बसतात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाल्या, "बरं न्हाई तिला. पाण्याला जाईना झालीय. रांजणातलं पाणी बी मलाच काढून द्या म्हणती."

लाजते आहे. उत्तर देऊन बसली आणि आता समोर यायला लाजते. मी ओसरीवर बसतो हे तिला माहीत आहे ना!

१२ मार्च

आज ती अंगणात ज्वारी पाखडत होती. गल्लीत कोणी नव्हतं. मी कुडाच्या आडून हळूच हाक मारली, "मंजुळे." सूप हातातून पडलं, ज्वारी सगळीकडं. चेहरा पांढराफटक. मागं न बघता घरात पळाली.

माझ्या एका हाकेनं एवढं होतं?  इतकं प्रेम कुणी कुणावर केलेलं मी पुस्तकातही वाचलं नाही.

५ एप्रिल

मंजुळाच्या दंडाला काळा दोरा, गळ्यात दर्ग्यावरचा ताईत. भुरके भुरके केस, डोळे खोल. माय सांगत होती की देवऋष्यानं अंगारा दिलाय, लिंबू उतरवलंय. "बाहेरचं हाय म्हणत्यात, संता. बारवेतलीनं धरलंय म्हणं."

मी ओरडलो, "बाहेरचं कशाचं! आतलं आहे. या लोकांना पोरीच्या मनातलं कळत नाही, मग भूत काढत बसतात!"

माय माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आतलं म्हंजे?"

मी उठून मळ्यात गेलो.

२३ एप्रिल

साखरा गावच्या किसनराव नावाच्या माणसाशी तिचं ठरलं. कोरडवाहू वीस एकर. लग्न लावलं की पोरगी ताळ्यावर येते, असं देवऋषी म्हणाला म्हणे!

मी सरळ तिच्या घरी गेलो. चतुराबाई दळत होत्या. मंजुळा खांबाला टेकून बसली होती. मी म्हणालो, "मंजुळे, तू फक्त सांग. एकदा ओ दिलीस, आता मागं फिरू नको. तू म्हणशील तर मी हे लग्न मोडतो."

तिनं खांब दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, "दादा, तुमच्या पाया पडते. मला हाक मारू नका."

चतुराबाई जात्यावरून उठल्या. "संतराम, तुमी शिकलेले. पोरीला बरं न्हाई हे दिसून राहिलं न्हाई का? जावा तुमी."

हाक मारू नका. म्हणजे मारली तर ती येईल, आणि घरची अब्रू जाईल, म्हणून. मला कळलं. तिच्यासाठी मी गप्प बसेन. पण कसा बसू?

१४ मे

लग्न झालं. मी गेलो नाही. जेवणावळीच्या पत्रावळी आमच्या दारापर्यंत उडत आल्या. बाबांनी पहिल्यांदाच जवळ बसून विचारलं, "काय हाय रं तुझ्या मनात?" मी म्हणालो, काही नाही. उद्या धर्मसिंगकडं जातो.

३ डिसेंबर १९३६, वसमतजवळ

सात महिने वहीला हात लावला नाही. वीस-बावीस गावं झाली. गावात शिरलो की आधी विचारतो, "पाण्याची मोठी विहीर कोणती? काय म्हणता तिला?" तेवढं कळलं की पुरे. माणसाचं नाव मात्र पुन्हा घेतलं नाही. घेण्यासारखं दुसरं नाव मला माहीत नाही.

आज सकाळी, तंबू सोडताना, मागच्या गावचा एक म्हातारा चार कोस चालत आला. म्हणाला, "मालक, आमच्या घरच्या बाया पाण्याला जाईनात. तुमी उजेडात येऊन विहिरीपाशी उभं राहून सांगा, की हे खोटं व्हतं."

मी हसलो. "बाबा, खोटं आहे हे त्यांनाही माहीत आहे. पडद्यावरची बाई काय चालत येते?"

तो म्हणाला, "माहीत हाय हो. माहीत असून जाईनात, म्हणून तर आलो."

मी म्हणालो, गाडी सुटते आहे. तो हात जोडून उभा होता, तसाच मागं राहिला. धर्मसिंगनं दोनदा मागं वळून पाहिलं. नंतर म्हणाला, "जायला पायजे होतं, बाबू." मी भांडलो त्याच्याशी.

१९ ऑक्टोबर १९३७, पुसेगाव

बाबांचा डावा हात आणि डावा पाय गेला. माय एकटी. धर्मसिंगला सोडून आलो. बाबांची जीभ जड झाली आहे. मी आल्यावर त्यांनी उजव्या हातानं माझा कान धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मंजुळा माहेरी आहे. बाळंतपणाला आणली. चार दिवसांपूर्वी मुलगी झाली. रडण्याचा आवाज आमच्या ओसरीवर येतो.

२६ नोव्हेंबर

आज तिची पाणीपूजा होती. आमच्याकडं सव्वा महिना झाला की बाळंतिणीला पाण्यावर नेतात. पाच खडे मांडून हळदकुंकू वाहायचं, पाण्यात डोकावून स्वतःचं तोंड बघायचं, घागर बुडवून भरून आणायची. तोवर ती घरच्या पाण्याला शिवत नाही. साखऱ्याहून सासू गाडी घेऊन आली होती. पूजा झाली की लेकरासकट घेऊन जायची म्हणून.

मी बाबांना उन्हात बसवायला पाठीवर घेऊन वर माळवदावर नेलं होतं. तिथून बारव दिसते. सकाळचे दहा असतील. बाया गाणी म्हणत पोचल्या. मंजुळा तीन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागून कुणी हात लावला. आणखी एक उतरली. मग मटकन खाली बसली आणि पायरीला दोन्ही हातांनी धरून राहिली. ओटीतला नारळ सुटला, टप टप करत पायऱ्यांवरून खाली पाण्यात पडला. आणि ती ओरडली. गाणी बंद झाली. लेकरू दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर रडत होतं.

बाबांचे डोळे तिकडंच होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मला ते समजलं नाही.

सासूचा आवाज मात्र गल्लीभर ऐकू आला. "पाणी पुजल्याबिगर माझ्या रांजणाला शिवायची न्हाई ती. दीड वरीस सोसलं. महिन्याभराच्या आत पूजा केली तर आणून सोडा, न्हाईतर ठेवा तुमची लेक तुमच्यापाशी." गाडी रिकामी गेली.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. ती इथं राहणार.

२७ नोव्हेंबर

काल लिहिलेली शेवटची ओळ खोडावी असं वाटतं. खोडत नाही. असू दे.

चतुराबाई बाबांना बघायला आल्या होत्या. मायजवळ बसून बोलत होत्या, मी दारात. साखऱ्याला मंजुळा एक दिवससुद्धा एकटी विहिरीवर गेली नाही. रहाटाचा आवाज आला की घाम फुटायचा. पाणी किसनराव आणायचा. उजाडायच्या आत, घोंगडी पांघरून, कुणाला दिसू नये म्हणून. शेवटी दिसलाच. गाव त्याला चिडवायचं, "काय किसनराव, आज लुगडं न्हाई नेसला?" तो म्हणायचा, "धुतलंय, वाळू द्या." आणि घागर घेऊन चालू लागायचा.

"जावई देवमाणूस," चतुराबाई म्हणाल्या. "पोरीचा बी लई जीव त्याच्यावर. ती रडती ती त्याच्यासाठी. पण करावं काय? त्या मेल्या खेळात बारवेतलीनं हिला नावानं हाक मारली, आन् ही पहिल्याच हाकेला ओ देऊन बसली!"

तेव्हा कुठं मला आठवलं. तिन्हीसांजेला पाण्यातून नावानं हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं लेकराला चालायच्या आधी शिकवतात. मेलेल्याला तीनदा हाक मारता येत नाही म्हणतात. ज्यानं पहिल्या हाकेला ओ दिली तो त्या मेलेल्याचा झाला. मलाही मायनंच शिकवलं होतं. मी ते हैदराबादेला जाताना मागं टाकलं. मंजुळा कुठं टाकणार?

पावणेदोन वर्षं मी त्या एका "ओ"वर जगलो. ती माझ्यासाठी नव्हती. ती कुणासाठीच नव्हती. घरात आई हाक मारते तेव्हा पोरगी जशी ओ देते, तशी तोंडातून निघून गेलेली.

६ डिसेंबर

धर्मसिंगचा तंबू हिंगोलीत होता. जाऊन त्या रिळाचा हातभर तुकडा मागून आणला. तो म्हणाला, "पूर्ण रीळ घेऊन जा आन् जाळ. मी बी कंटाळलो."

दुपारी भर उन्हात तिच्या अंगणात गेलो. चतुराबाई तूर निवडत होत्या. त्यांना विचारून आत आलो, लांब बसलो, हलक्या आवाजात बोललो. तरी पहिल्या शब्दाला मंजुळा दचकली. लेकरू मांडीवर होतं, त्याला उराशी धरलं.

मी तुकडा उन्हाकडं धरला. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. "बघ, ही ती नवरी. आणि हे मनगट बघ. पैलवान आहे."

तिनं बघितलं. वाकून, डोळे बारीक करून बघितलं. आणि हसली! म्हणाली, "अगं बया, मिशी काढल्याली दिसून राहिली की." चतुराबाईही उठून बघायला आल्या. दोघी हसल्या. मला वाटलं, सुटली.

मग मी सांगितलं. हाक मी मारली होती. पडद्यामागून. बारवेतलं कोणी नव्हतं.

ती म्हणाली, "म्हाईत हाय, दादा. दुसऱ्याच दिशी आईनं सांगितलं. तुमचाच आवाज व्हता त्यो, सगळ्यांनी वळखला."

"मग?"

"मंग काय? डोक्याला म्हाईत हाय. पायाला न्हाई. पाण्यापाशी गेले की तुमचा आवाज येतो, आन् तोंड तिचं दिसतं. तुमी बोलता तवा बी तेच दिसतं. आता बी दिसून राहिलं." हे ती लेकराच्या टाळूवर तेल जिरवत सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत. मग तिनं विचारलं, "माझंच नाव काहून घेतलं?"

चतुराबाईंचं सूप थांबलं. मी म्हणालो, "तुला कळावं म्हणून."

"काय कळावं?"

काय कळावं ते मी सांगितलं. पावणेदोन वर्षांनी, भर दुपारी, तिच्या आईसमोर. आवाज चोरासारखा निघाला.

ती रागावली नाही. लेकराला दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली, "मंग उजेडात सांगायचं व्हतं. मी न्हाई म्हणले असते आन् इसरून गेले असते."

१५ डिसेंबर

किसनराव आला आहे. मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. बुटका, काळा, पुढचा एक दात पडलेला. बाबांना बघायला आमच्या घरी आला, त्यांच्या पायांना तेल चोळत बसला. मला म्हणाला, "आईचं डोकं गरम हाय, पण वाईट न्हाई ती. मी म्हणलं, घागर घरी आणतो, घागरीलाच पूज. ती म्हणती, मंग लगीन बी तुझ्याऐवजी नारळाशीच लावायचं व्हतं का?" आणि स्वतःच हसला. मी या माणसाचा पावणेदोन वर्षं द्वेष केला. आता करावा म्हटलं तरी जमत नाही, आणि त्याचाच राग येतो.

संध्याकाळी चतुराबाई आल्या. मंजुळा पाच दिवसांनी पुन्हा पाणी पुजायला उतरणार आहे. जीव गेला तरी साखऱ्याला जायचं म्हणते. फक्त एक निरोप होता माझ्यासाठी.

"त्या दिशी तुमी गावात नसा. तुमचा आवाज गावात हाय म्हणलं की तिला वाटतं, आता येईल, आता येईल."

पूर्वीचा मी असतो तर ताट भिरकावलं असतं. हातात ताट होतंही. मी म्हणालो, "बरं."

२० डिसेंबर

उजाडताच निघालो. माय म्हणाली, "भाकर तरी बांधून ने." साखऱ्याच्या वाटेवर आमचं तुरीचं रान आहे, तिथं बांधावर बसलो. गाव तिथून दिसत नाही. कान गावाकडं लावून होतो. ओरडण्याचा आवाज येतो का, गाणी येतात का. होले घुमत होते, बाकी काही नाही. दहा वाजले असतील, मग अकरा. ती कितव्या पायरीवर असेल एवढंच मोजत होतो. भाकर तशीच राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी आली.

मी तुरीत सरकलो, पण किसनरावानं पाहिलं. गाडी थांबवून खाली उतरला आणि बांधापर्यंत आला. मंजुळा गाडीत, पाठ माझ्याकडं, लेकरू पदराखाली. तिचा गुडघा सोललेला, लुगड्याला रक्त लागलेलं.

"झालं बाबा एकदाचं," तो हळू म्हणाला. "पाचव्या पायरीवर उलटी केली. मंग बसल्या बसल्या उतरली. डोळे मिटूनच घागर बुडवली. अर्धीच आली. आईनं तोंड वाकडं केलं, पण अर्धी तर अर्धी." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "आता पुन्हा न्हाई जायची म्हणती, जलमात न्हाई. न्हाई गेली तर न्हाई. मी हाय की आणाया."

मी मान हलवली. ती दहा हातांवर होती. मी तोंड उघडलं असतं तर तिला काय दिसलं असतं ते मला माहीत होतं.

तो जायला निघाला आणि परत वळला. "एक इचारू का? तुमी शिकलेले, म्हणून. दोन महिने झाले, पोरीचं बारसं करू देईना ही. म्हणती, नाव ठेवलं की कुणीतरी हाक मारंल. आमी नुसती पोरी पोरी म्हणतो. किती दिस म्हणायचं असं? एखादं नाव सुचवा. मी तिला न सांगता नुसतं मनात ठेवीन."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. ओठ घट्ट मिटले होते. तो थोडा वेळ थांबला. मग त्याचा चेहरा पडला, आणि मोठ्या घरच्या पोरानं आपल्याला उत्तर दिलं नाही असं समजून तो गाडीकडं गेला. त्याला बोलवावं असं फार वाटलं. बोलावलं नाही.

गाडी ओढ्यात उतरली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. मंजुळानं पदर बाजूला सारला आणि गाडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत दोन्ही तळहातांनी त्या लेकराचे कान झाकून ठेवले. लेकरू रडत नव्हतं. त्याला त्याची सवय असावी.

घरी येऊन बाबांना जेवू घातलं. एक नाव मला गाडी गेल्यावर सुचलं होतं. चांगलं आहे, लहान आहे, तिला शोभेल. ते मी इथंही लिहीत नाही.